वाटा दारात

त्या माणसाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आमच्या तलावाच्या पारीवर, बांधावरच्या पळसाखाली, लॅपटॉप दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभा होता. डोळे मिटलेले, ओठ पुटपुटत होते. मला वाटलं, शहरातला कोणीतरी नवस फेडायला आलाय.

एरवी मी पोट धरून हसले असते. पण त्या दिवशी माझ्या अंगाची नुसती लाही होत होती. हातात बुधरामकाकांचा फोन होता, पायात चप्पल नव्हती, आणि त्यांच्याच तेरवीचा स्वयंपाक अर्धा टाकून मी नेटवर्क शोधत पारीवर आले होते. लिहिताना मी शाळेतली मराठी लिहिते, पण संतापले की घरची बोली तोंडात येते. तेव्हा तर ती नुसती उकळत होती.

"अहो जी, इथी नेटवर्क येते का?"

त्यानं एक डोळा उघडला. "एक कांडी येतेय. पण तुम्ही आलात आणि गेली."

"काहून? मी काय टॉवरले आडवी आली का?"

"तसं नाही..." त्यानं लॅपटॉप खाली घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही फार तापलेल्या दिसता. त्या तापानं गेली असेल."

आता सांगा! ओळख ना पाळख, आणि हा थट्टा करून राहिला! पण आवाजात खवचटपणा नव्हता. आणि डोळे... बरं, डोळ्यांचं नंतर सांगते. तेव्हा मला डोळे बघायला वेळ नव्हता.

"तुमाले टायपिंग येते?"

"येतं की."

"मंग लिहा. मले तक्रार करायची आहे. रागात माह्यानं लिहिणं होत नाही."

तो दगडावर बसला, मांडीवर लॅपटॉप घेतला. "कोणाविरुद्ध?"

"मत्स्यसखीविरुद्ध."

त्याची बोटं क्षणभर थांबली. त्याचा अर्थ तेव्हा माझ्या लक्षात आला नाही, नंतर आला.

आमचं गाव दिघोरीपासून आत, दोन्ही बाजूंनी धानाच्या बांध्या आणि मध्ये हा तलाव. तलावावर आमच्या सोसायटीची बत्तीस घरं मासे धरतात. रोज आठ घरं जाळं टाकतात, म्हणजे दर चौथ्या दिवशी एका घराची पाळी येते. कोणाची पाळी, कोण आलं, हे लिहायचं काम माझं. मी नीतू. बी.ए. झाले आणि अध्यक्ष खेमराजभाऊंनी वही माझ्या हातात दिली. दिवाळीआधी सोसायटीनं नागपूरच्या एका कंपनीकडून नवीन व्यवस्था घेतली. वहीतल्या नोंदी ऑनलाइन गेल्या, आणि 'मत्स्यसखी' नावाची कोणीतरी सदस्यांना व्हॉट्सअॅपवर निरोप पाठवायला लागली. उद्या तुमची पाळी, परवा तुमची पाळी, असे. लोक खूश होते. मीसुद्धा होते, खोटं काहून बोलू?

आणि आज, बुधरामकाकांच्या तेरवीच्या दिवशी, सकाळी सात वाजता त्यांच्याच फोनवर निरोप आला होता. त्यांच्या बायकोला, रेवताकाकूंना, वाचता येत नाही. त्या चुलीपुढून उठल्या, फोन पदरानं पुसला आणि मला विचारलं, "पाह्य बरं पोरी, त्यायच्या नावाचं काही आलं का?"

मी वाचलं, आणि वाचून दाखवलं नाही. "कंपनीचं आहे काकू," म्हटलं आणि फोन घेऊन धावत सुटले.

आता मी तो निरोप त्या लॅपटॉपवाल्याला वाचून दाखवला. "ऐका. 'नमस्कार बुधरामजी! आपण सलग तीन पाळ्या गैरहजर होता. नियमानुसार आपली पाळी प्रतीक्षा यादीतील पुढील सदस्यास देण्यात आली आहे. आपला दिवस आनंदात जावो!' खाली हसता मासा! ज्या माणसाले आमी तेरा दिवसांपहिले जाळून आलो, त्याले हे विचारून राहिले का तू गैरहजर काहून? त्याच्या बायकोच्या हातातलं जाळं काढून घेऊन राहिले, अन् वरून हसता मासा!"

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, भला माणूस दिसतो, दुसऱ्याच्या दुःखानं कळवळतो.

"लिहा," मी म्हटलं. "ज्या कोणी हे यंत्र बनवलं त्याले..."

"त्याले?" तो हळूच म्हणाला.

"अक्कल नाही."

त्यानं टाइप केलं. "पुढं?"

"त्याले माय-बाप असतील तर त्यायनं त्याले काही शिकवलं नाही. त्यानं जिंदगीत कधी मासा पाह्यला नसन."

"पाहिलाय," तो म्हणाला. "खाल्ला नाही फक्त."

त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. माझी तक्रार शब्दन् शब्द लिहिलेली होती आणि खाली नाव होतं – प्रति, कमलेश, मत्स्यसखी प्रकल्प.

"पत्ता शोधायला नको," तो म्हणाला. "मीच तो. काल आलोय, व्यवस्था नीट चाललीय का बघायला." जरा थांबून तो म्हणाला, "नाही चाललेली."

त्यानंतर मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. धान कापणाऱ्या बाया विळे धरून पाहत राहिल्या, एवढं सांगते. तो एका शब्दानं उलटून बोलला नाही, आणि त्यानं माझा राग आणखीच वाढला. उलटून बोलला असता तर भांडता तरी आलं असतं!

तडक त्याला घेऊन मी सोसायटीच्या ऑफिसात आले. खेमराजभाऊंनी सगळं ऐकलं आणि दोन्ही हात वर केले. "आता कंप्युटरनंच काढलं पोरी, तं मी काय करू? मी थोडीच काढलं? सचिनले निरोप बी गेला. त्याचं घर दोन सालापासून यादीत आहे. त्यानं जाळं बी सांधून ठेवलं. सोमवारची पाळी त्याची."

"सोमवारची पाळी काकूची आहे! दुखवटा उठल्यावरची पयली पाळी!"

"उद्या सभा आहे ना, तठी बोलू. पण कंप्युटर..."

"कंप्युटर तुमचा जावई होय का जी? काहून त्याच्यापुढं इतके वाकता?"

खेमराजभाऊ पान थुंकायला बाहेर गेले, ते आलेच नाहीत.

काकूंना दुसरा आधार नाही. मुलगी चंद्रपूरकडे दिलेली. काकांच्या सोबत डोंग्यात बसून त्यांनी वीस वर्षं जाळं ओढलं. पाळी गेली तर सोसायटीतलं नाव जातं, आणि नाव गेलं की तलावात पाय टाकायला पण दुसऱ्याची परवानगी लागते. चारच दिवस उरले होते.

"मला समजावून सांगा," मी कमलेशला म्हटलं. "हे झालं कसं?"

त्यानं खुर्ची ओढली. "तुमच्या नोंदी क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये आहेत. त्याला एक एजंट जोडलाय, म्हणजे एआय. तो रोज सकाळी नोंदी वाचतो, सोसायटीचे नियम वाचतो आणि काय करायचं ते ठरवतो. मग दुसरं एक टूल तो निरोप उचलून व्हॉट्सअॅपवर धाडतं. सगळं आपोआप. मध्ये कोणाला हातसुद्धा लावावा लागत नाही."

"हेच तर! मधात कोणी नाही! मधात एखादी म्हातारी जरी बसवली असती, तं ती बोलली असती, अरे बाप्पा, बुधराम तं गेला!"

स्वतःच्या वहीत त्यानं हे वाक्य लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं! 'मध्ये म्हातारी.'

"पण एक कळत नाही," तो म्हणाला. "एजंट स्वतःच्या मनानं गैरहजर लिहीत नाही. तो फक्त वाचतो. लिहिलं कोणी?"

त्यानं पडद्यावर ती ओळ काढली. तीन नोंदी, तीनही 'गैरहजर'. आणि प्रत्येकीपुढं नोंद करणाऱ्याचं नाव.

नीतू. नीतू. नीतू.

आणि मला आठवलं.

आमच्याकडे रीत आहे. ज्या घरी माणूस गेलं, त्या घरानं तेरा दिवस जाळ्याला हात लावायचा नाही. त्यांची पाळी दुसरं घर, मग ते यादीत थांबलेलं का असेना, ओढतं आणि त्यांच्या वाट्याचे मासे पळसाच्या पानात बांधून, हाक न मारता, दारात ठेवून येतं. घरात तेरा दिवस मासे शिजत नाहीत. लेकीबाळी ते विकून येतात, पण वाटा चुकत नाही. आणि वहीत त्या घरापुढं काही लिहायचं नाही. रकाना रिकामा सोडायचा. रिकामा रकाना दिसला की बत्तीस घरांना कळतं, इथं दुःख आहे.

वहीत मी रिकामाच सोडला होता. पण यंत्रात रिकामा सोडला तर लाल अक्षरं यायची, 'हा रकाना भरणे आवश्यक आहे'. पुढं जाऊच देत नव्हतं. दोनच पर्याय होते, हजर आणि गैरहजर. काकांना हजर कसं लिहू? मी डोळ्यांतलं पाणी पुसून दुसरा दाबला, तीन वेळा.

म्हणजे पारीवर उभी राहून मी ज्याला शिव्या घातल्या, त्याच्याआधी ती चूक माझ्या बोटांनी केली होती.

"नीतू..." तो म्हणाला. पहिल्यांदाच नाव घेतलं. "रकाना सक्तीचा मी केला. नागपुरात बसून. मला वाटलं रिकामा रकाना म्हणजे आळस. मी विचारलंच नाही कोणाला."

"तुमी नका पांघरूण घालू माह्यावर."

"नाही घालत. पण एक करता येईल." त्यानं आवाज खाली आणला. "मी मागून तीन नोंदी बदलतो. सचिनला 'चुकून निरोप गेला' असं जाईल. तुमचं नाव कुठंच येणार नाही. कोणाला कळणार पण नाही. दोन मिनिटांचं काम."

खरं सांगते, मनात आलं, करू दे. माझी नोकरी, माझं तोंड, सगळं वाचलं असतं. आणि त्याचे डोळे... आता सांगते डोळ्यांचं. तपकिरी, आणि खोटं बोलायला निघालेल्या माणसाचे वाटत नव्हते. हा माणूस मला वाचवायला निघाला होता. म्हणूनच माझा संताप पुन्हा उसळला.

"मागून? आज तुमी चांगल्यासाठी मागून बदलवाल, उद्या कोणी वाईटासाठी बदलवन! मंग आमची वही कोणाची? तुमच्या ढगाची? नाही जी. जे झालं ते सभेत सांगायचं. समोरून."

"सगळे तुम्हाला बोलतील."

"बोलू द्या. मी ऐकून घेईन."

तो एकदम म्हणाला, "बापरे! मी तं समजलो होतो का कोंढ्याच्याच पोरी अशा असतात."

मी दचकले. "तुमी कोंढ्याचे? पवनीकडचे? तं इतका वेळ पुस्तकासारखं काहून बोलून राहिले होते?"

"कंपनीत तसंच बोला लागते ना." तो लाजला. कानापर्यंत लाल! "आमची शेती आहे कोंढ्याले, तांदळाचं दुकान आहे. माय माळकरी आहे, घरात मासा शिजत नाही."

"अन् चालले मत्स्यसखी बनवाले!"

आम्ही दोघंही हसलो. मला वाईट वाटलं हसल्याचं, आणि तरी हसू थांबेना.

ऑफिसातून निघालो तेव्हा अवेळी आभाळ फुटलं. कार्तिकातला पाऊस, कापलेल्या धानाच्या जिवावर उठणारा. जो तो कडपा, कापून पसरलेलं धान, झाकायला धावला, आम्हीही धावलो. वाटेतल्या रत्नमालाबाईंच्या बांधीत ताडपत्रीचं एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. लॅपटॉप कुठं ठेवावा हे त्याला सुचेना. मी पारीवरचं मासे ठेवायचं थर्माकोलचं रिकामं खोकं दाखवलं. "घाला त्यात. लॅपटॉप बी बाटू द्या तुमचा." त्यानं घातला. ताडपत्रीखाली ओल्या धानाचा वास येत होता, आणि तो माझ्यापासून हातभर अंतरावर उकिडवा बसला होता, केसांतून पाणी गळत होतं. पाऊस थांबला तरी आम्ही बराच वेळ उठलो नाही. ताडपत्री धरून ठेवायला हवी होती ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सभा भरली. बत्तीसही घरं, वर यादीत थांबलेली माणसं. रेवताकाकू दाराजवळ, अंग चोरून बसलेल्या. खेमराजभाऊंनी सुरुवात केली, "कंप्युटरच्या निर्णयानुसार..." आणि मी उठून उभी राहिले.

"निर्णय कंप्युटरचा नाही, भाऊ. गैरहजर मी लिहिलं. माह्या हातानं. तीन खेपा."

सभेत एकदम कालवा. कोणी म्हणालं, शिकलेल्या पोरीचे हे धंदे. कोणी म्हणालं, वही काढून घ्या हिच्याकडून. काकू माझ्याकडे पाहत होत्या, ते मात्र मला सहन झालं नाही. त्यांच्याकडे पाहूनच मी बोलले, "काकू, तुमचा रकाना मी रिकामा सोडायचा होता. यंत्रानं सोडू देल्ला नाही, अन् मी भांडली नाही. भांडायचं होतं मले तवाच. मले माफ करा."

"अर्धी चूक माझी आहे," मागून कमलेश म्हणाला. तो पुढं आला. "अर्धी नाही, जास्ती. रकाना सक्तीचा मी केला. अन् निरोप जायच्या आधी माणसानं पाहावं, अशी जागाच ठेवली नाही."

"पण नियम तं नियम आहे," खेमराजभाऊ म्हणाले. "तीन पाळ्या गैरहजर..."

"गैरहजर कोण होतं?" आता माझा आवाज चढला. "त्या तीन दिवशी बुधरामकाकाच्या नावाचं जाळं पडलं का नाही? काकूच्या दारात वाटा होता का नाही? कोणी ठेवला? बोला ना जी! यंत्राले माहीत नाही ते समजलं. तुमाले बी माहीत नाही?"

कोपऱ्यातून सचिन उठला, दोन वर्षं वाट पाहणारा, जाळं सांधून बसलेला.

"पयली पाळी मी ओढली," तो म्हणाला. "वाटा मीच ठेवला. काका गैरहजर नोहोते." त्यानं खेमराजभाऊंकडे पाहिलं. "मले ही पाळी नोको. माही येईन तवा येईन."

काकूंनी पदर तोंडाला लावला. तेरा दिवसांत त्या पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या, म्हणतात. सर्वांनी हात वर केले आणि पाळी परत काकूंच्या नावावर आली. वही माझ्याकडेच राहिली. खेमराजभाऊ म्हणाले, "कंप्युटरचं बी चुकते म्हणा!" जणू त्यांनीच शोध लावला!

पुढचे दोन दिवस कमलेश आणि मी ऑफिसात बसून होतो. भांडत होतो म्हणा. आता पाळी काढण्याचा एकही निरोप आपोआप जाणार नव्हता. आधी तो माझ्या फोनवर येणार, खाली दोन बटणं, 'जाऊ दे' आणि 'थांब'.

"ही तुमची म्हातारी," तो बटणं दाखवत म्हणाला. "मधात बसवली."

"म्हातारी कोणाले म्हणता?"

"चोवीस वर्षांची म्हातारी. फार कजाग आहे. मले भेव लागते तिचं."

"मंग जा ना नागपूरले."

"रविवारी चाललोच आहे..." तो म्हणाला, आणि पडद्याकडे वळला.

रकान्याला तिसरा पर्याय द्यायचा होता. त्यानं 'सुतक' टाइप केलं. मी खोडायला लावलं, कोणाच्या नावापुढं ते लिहायचं नसतं. शेवटी मीच सांगितलं, "लिहा, 'वाटा दारात'." त्यानं लिहिलं. एजंटला नियम शिकवला, ज्याच्यापुढं 'वाटा दारात' असेल तो घरचाच समजायचा, त्याची पाळी कधी जात नाही.

रविवारी तो गेला नाही. म्हणाला, सोमवारी एकदा चालून बघतो सगळं. मी आरशात दोनदा पाहिलं, ते कबूल करते.

सोमवारी सकाळी काकू डोंग्यात एकट्या चढल्या. धुकं होतं, जाळं पडल्याचा आवाज तेवढा आला. चांगले रोहू लागले, एक कतला. दुखवट्यात ज्यांनी पाळी ओढली त्या तीन घरी पहिला वाटा जातो. सचिनच्या दारात गेला, आणखी दोन घरी गेला. आणि मग काकू आमच्या अंगणात आल्या. मी आणि कमलेश खाटेवर बसलो होतो. त्याची बॅग भरलेली, आता दुपारची बस. काकूंच्या हातात पळसाच्या पानाचे दोन पुडे होते. दोन्ही त्यांनी आमच्याच उंबऱ्यापाशी ठेवले.

"काकू, दोन काहून?"

"एक तुया. एक याचा."

"मंग त्याचा इथी काहून ठेवता?"

"तं कुठी ठेवू?" काकू म्हणाल्या. "त्याचं दुसरं कोणतं दार आहे या गावात?"

आणि गेल्या! आतून माझी आई खोकली. मला वाटलं, जमीन दुभंगावी. कमलेश पुड्याकडे पाहत होता, मग माझ्याकडे.

"नीतू, मी एक विचारू?" त्यानं खिशातून फोन काढला.

"फोन ठेव खाली!" मी कडाडले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. "काही विचारायचं असन तं तोंडानं विचार. निरोप धाडून विचारशीन तं तलावात फेकीन, फोन बी अन् तुले बी!"

त्यानं फोन खाटेवर ठेवला. "मले तू आवडते. पारीवर शिव्या देऊन राहिली होती तवापासून. माय माळकरी आहे, घरी बोलन खूप. ते मी ऐकून घेईन, समोरून. तू फक्त सांग... हाव का नाही?"

"पुन्हा दोनच पर्याय?" आवाज चढवायला गेले, पण राग... राग कसला आता? "एवढं रामायण झालं, तरी काही शिकला नाहीस तू?"

तो गोंधळला. "मंग... तिसरा?"

मी उंबऱ्याकडे बोट दाखवलं.

"वाटा दारात आहे. उचल, अन् घरात ये."